तनेळ: आधार मौखिक

ड्रेस्डेन, ११ फेब्रुवारी

आज आमच्या कोशाच्या संपादक फ्राऊ लिंडनरनी मला शब्दांची नवी जोडी दिली. कॉर्निशमधला 'तिन' आणि नॉर्वेजियनमधला 'त्युन'. उच्चार थोडा वेगळा, पण रोमन लिपीत दोन्ही अक्षरन् अक्षर सारखे. कॉर्निश ही इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरची भाषा. ती घरी बोलणारी शेवटची माणसं दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी गेली. आता काही लोक पुस्तकांवरून शिकून ती पुन्हा बोलू लागले आहेत. नॉर्वेजियन 'त्युन' म्हणजे पातळ, बारीक. बर्फ, सूप, केस, माणूस, काहीही. कॉर्निश 'तिन' म्हणजे घट्ट, ताणलेला. जुन्या धार्मिक नाटकांत वेदनेला हेच विशेषण लागतं आणि तिथे त्याचा अर्थ होतो तीव्र, निर्दय.

आमचा कोश अशा जोड्यांचाच आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन शब्दांचं नातं खरं की योगायोगाचं, ते दोन पानांत सांगायचं. माझ्या एकोणचाळीस नोंदी झाल्या. ही चाळिसावी.

इथे नातं खरं दिसतं. 'ताणणे' अशा अर्थाचा एक फार जुना धातू, त्यातूनच आपले तनु, तंतू, ताण आणि जर्मनमधला 'ड्युन'. प्रश्न अर्थाचा आहे. ताणलेली वस्तू घट्टही होते आणि पातळही. एका भाषेने घट्टपणा ठेवला, दुसरीने पातळपणा. दोन्ही अर्थ एकाच जिवंत शब्दात एकत्र सापडले असते तर वाचकाला ते पटकन दिसलं असतं.

मसुद्यात मी 'बहुतेक' चार वेळा लिहिलंय. दोन पुरेत असं फ्राऊ लिंडनर म्हणतील.

१४ फेब्रुवारी

सापडला! ट्राममध्ये बसले असताना आठवला आणि मी माझा स्टॉप चुकवला.

तनेळ.

मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही, बाबांनीच घरी शिकवलं. चिपळूणला काकांचं कापडाचं दुकान होतं. शर्टाच्या घडीत जो पुठ्ठा घालतात तो काका आम्हाला द्यायचे, बाबा त्याचे चार तुकडे करायचे आणि प्रत्येकावर एक शब्द लिहायचा. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली वाक्य, आणि शेवटी तो कुठे पाहिला किंवा कोणाकडून ऐकला. ही शेवटची ओळ नसली तर बाबा पुठ्ठा परत द्यायचे. "कुठं पाहिलंस?" एवढंच विचारायचे. पाचव्या वर्षी मला वाटायचं की जे पाहिलं नाही ते लिहिणं हे चोरीसारखंच आहे. अजूनही जवळपास तसंच वाटतं.

त्यातलाच एक पुठ्ठा, बाबांच्या अक्षरातला. "तनेळ (वि.): ताणून बारीक झालेला, तुटायच्या बेतात आलेला. 'दोर तनेळ झाला, हात सोड.' दाभोळच्या खाडीतले होडीवाले." मला तो अगदी निळ्या शाईसकट दिसतो. घट्ट आणि पातळ, दोन्ही एका शब्दात, आणि तेही आमच्या खाडीवर!

बाबा शाळेत संस्कृत शिकवायचे. मी सहा वर्षांची असताना एकदा मुख्याध्यापक घरी आले. त्यांच्या हातात प्रश्नपत्रिका होती. मला आत पाठवलं. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "उद्यापासून मी शाळेत जाणार नाही, आणि तुलाही तिथं घालणार नाही. तिथं चुका शिकवतात." तत्त्वासाठी नोकरी सोडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आईने पोस्टातल्या नोकरीवर घर चालवलं आणि त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

१५ फेब्रुवारी

बाबांना फोन केला.

"तनेळ? तुझ्या लक्षात आहे?" बाबा इतके खूश झाले की आधी हसलेच. "अगं, तू सात वर्षांची होतीस."

"कोणी सांगितला होता बाबा? नाव हवं."

"दाभोळचा... मोहन तांडेल. होडीवर होता. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मी वहीत टिपून ठेवला होता, पुढं तुला पुठ्ठ्यावर करून दिला. आता जर्मनीत छापणार म्हणतेस?"

"विचारून बघते."

मागून आई म्हणाली, "कुठला शब्द?" बाबा म्हणाले, "तुला नाही कळायचं," आणि स्पीकर बंद केला.

२६ फेब्रुवारी

फ्राऊ लिंडनरनी नोंद माझ्यासमोर वाचली. 'तनेळ'पाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला. त्या असं फारसं करत नाहीत. म्हणाल्या, "फ्राऊ मुळ्ये, हा परिच्छेद शेवटी नको, सुरुवातीला घ्या. ही नोंद आपण खंडाचा नमुना म्हणून प्रस्तावनेला जोडू."

मग म्हणाल्या की सप्टेंबरमध्ये माझं कंत्राट संपतंय, पुढच्या खंडासाठी त्या माझंच नाव देणार आहेत. एप्रिलमध्ये ठरेल. दोन वर्षांचं काम, आणि माझा इथे राहण्याचा परवानाही त्याच कंत्राटावर आहे. घरी आल्यावर ऊर्मिलाला सांगितलं. ती माझ्यासोबत राहते, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहे, मूळची नाशिकची.

"म्हणजे एका दोरीच्या शब्दावर तुला व्हिसा?" ती म्हणाली. "गेनाऊ, अगदी असंच पाहिजे. चिपवर धूळ पडू नये म्हणून मी रोज आठ तास डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेते, तेव्हा कुठे माझा बॉस गूट म्हणतो."

५ मार्च

बाहेरच्या परीक्षकांचा शेरा आला. नोंद उत्तम. फक्त मराठी शब्दाला छापील आधार नसेल तर मौखिक आधाराचा फॉर्म भरावा: सांगणाऱ्याचं नाव, गाव, साल, टिपणाची मूळ प्रत. शक्य असल्यास आणखी एक बोलणारा.

रास्त आहे. मीही हेच मागितलं असतं. आधी माझ्या का लक्षात आलं नाही, याचं मात्र दिवसभर वाईट वाटत राहिलं. बाकी प्रत्येक शब्द मी तीन-तीन कोशांत पाहते. हा एकाही ठिकाणी पाहिला नाही.

६ मार्च

बाबा म्हणाले, मोहन तांडेल वारला. मुलगा? मुंबईला गेला, पत्ता नाही. वही?

"एकवीसच्या पुरात खालच्या कपाटातलं सगळं गेलं, तुला माहीत आहे."

"मग दुसरं कोणी बोलणारं असेल ना, बाबा?"

"देवू, तुझा बाप सांगतोय हे त्यांना पुरत नाही का?"

मला लाज वाटली. बाबांकडे मी पुरावा मागतेय. त्यांना सांगितलं की नियमच तसा आहे, तुम्हीच घालून दिलेला. "बघतो," म्हणाले.

९ मार्च

माझा मावसभाऊ रुपेश दापोलीला असतो. त्याला दाभोळच्या जेट्टीवर पाठवलं. त्याने रेकॉर्डिंग पाठवलं. वारा, होडीचं इंजिन, आणि एक म्हातारा: "तनेळ? असला शब्द आमच्यात नाय. दोर तंग झाला म्हणतात. कोण विचारतंय?" रुपेश म्हणतो, "जर्मनीवाली." मग सगळे हसतात. दुसरा एकजण म्हणतो, "तिला सांग, हितं येऊन दोर ओढ, मग शब्द सुचतील." मोहन तांडेल कोणालाच आठवत नाही.

रुपेशने चुकीच्या माणसांना विचारलं असणार. तो घाईत असतो. शिवाय तीस वर्षांत बोली बदलते. फॉर्ममध्ये मी लिहिलं आहे: "आज प्रचारात नसावा." यात खोटं काही नाही.

१२ मार्च

आला, पुरावा आला!

बाबांनी वहीच्या पानाचे चार फोटो पाठवले. वही माळ्यावर होती म्हणाले. पान पिवळट, वर "दि. ३ मे १९९४, दाभोळ", खाली "तनेळ", अर्थ, वाक्य, "मोहन तांडेल, वय अंदाजे ५०". बाबांचंच अक्षर. वहीचं मागचं कव्हरही त्यांनी पाठवलंय, दुकानाचा पत्ता आणि नंबर छापलेला. कोणी न मागता. बाबा किती काटेकोर आहेत हे अशा वेळी कळतं. मला ऑफिसातच रडू आलं. मी लगेच सगळे फोटो फ्राऊ लिंडनरना पाठवले. "माझे वडील, जयंत मुळ्ये यांच्या मूळ टिपणवहीतून," असं लिहिलं.

संध्याकाळी ऊर्मिला भाजी चिरत होती. म्हणाली, "वही पुरात गेली होती ना?"

"सापडली."

"माळ्यावर?"

"हो."

"भारीच," ती म्हणाली आणि कांदा चिरत राहिली. तिचा स्वभाव संशयी आहे. कारखान्यात दिवसभर दोष शोधायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार?

१४ मार्च

फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात मूळ प्रतीचं वर्णन लिहायचं असतं: आकार, रंग, छापील मजकूर. छापील मजकुराचं जर्मन भाषांतर करावं लागतं. कव्हरवरचा मजकूर मी उतरवत होते. दुकानाचं नाव, "वह्या, पुस्तके व शालेय साहित्य", बाजारपेठ, चिपळूण. मग नंबर.

नऊपासून सुरू होणारे दहा आकडे. मी दोनदा मोजले.

चौऱ्याण्णव साली आमच्या गल्लीत टेलिफोन दोन घरी होता. त्याचे आकडे पाच होते.

१५ मार्च

शक्यता: कव्हर नंतर बदललं असेल. शक्यता: जुनी पानं नव्या वहीत शिवली असतील. शक्यता: बाबांनी फाटत आलेलं टिपण नव्या वहीत उतरवून काढलं, जुनी तारीख ठेवली आणि मला सांगायचं विसरले.

तिसरी शक्यता मला बरी वाटते. पण पान पिवळं कसं?

फोन केला नाही. त्यांना काय विचारायचं हे ठरत नाही.

१७ मार्च

दुपारी आईचा फोन. बाबा वाचनालयात गेले होते.

"देवू, त्या वहीचं काय केलंस?"

"पाठवली. का गं?"

"पाठवलीस? अगं, चहाचं पाणी घेऊन दोन दिवस बसले होते. मी म्हटलं काय करताय, तर म्हणाले जुनं पान जपून ठेवतोय. मला काय माहीत तू ते सरकारी कामाला वापरणारेस."

"सरकारी नाही, आई. कोश."

"तेच ते."

मी विचारलं, "मोहन तांडेल होता का?"

"कोण?"

मग आईने सगळं सांगितलं, पोस्टाच्या खिडकीतून सांगावं तसं, एका सुरात. मी सात वर्षांची असताना बाबांना विचारलं होतं, ताणून बारीक झालेल्या दोरीला एकच शब्द काय? तीन दिवस पाठ सोडली नव्हती. "त्यांना येईना. आणि येत नाही म्हणायला त्यांची जीभ उभ्या जन्मात कधी वळली नाही. चौथ्या दिवशी पुठ्ठा लिहून दिला. तू नाचलीस. मी म्हटलं, मुलगी लहान आहे, जाऊ दे."

"आणखी किती?"

"काय किती?"

"शब्द. किती केले त्यांनी?"

"मी कुठं मोजत बसणार? मला नोकरी होती."

फोन ठेवावा असं वाटत होतं, तरी विचारलं. "आणि शाळेतलं?"

"तुला अजून माहीत नाही?" आईला खरोखर आश्चर्य वाटलं. "श्लोक केला होता स्वतः. घातला प्रश्नपत्रिकेत, जुन्या कवीच्या नावावर. एका मुलाच्या वडिलांनी तो कुठल्या ग्रंथातला म्हणून लेखी विचारलं. मुख्याध्यापक भला माणूस, म्हणाला राजीनामा द्या, बोभाटा करत नाही. श्लोक चांगला होता म्हणे."

"आणि मला घरी का ठेवलं?"

"त्याच शाळेत कसं पाठवणार तुला? पोरं बोलली असती."

१८ मार्च

कामाला गेले नाही. सर्दी कळवली. सर्दी नाही.

१९ मार्च

मला घरून आलेलं सगळं कागदावर लिहायला बसले. जे बाबांनी सांगितलं आणि मी नंतर कुठेही पडताळून पाहिलं नाही, ते. झाडांची नावं. वारा कुठल्या महिन्यात कुठून वाहतो. कुठला पक्षी कशाला ओरडतो. पणजोबांनी काशीत वाद जिंकला होता ती गोष्ट. काही शब्द कोशांत मिळाले, बरेच मिळाले, आणि प्रत्येक वेळी मला बरं न वाटता रागच आला. खऱ्यांच्या गर्दीत बाबांनी खोटे सोडून दिले आणि मला ते वेगळे ओळखता येत नाहीत. सगळेच खोटे असते तर सोपं झालं असतं.

चौदा शब्द कुठेच मिळाले नाहीत. यांतले बोलीतले किती आणि बाबांचे किती, हे ठरवण्याचा माझ्याकडे एकच मार्ग आहे, त्यांना विचारणं. आणि ते जे उत्तर देतील त्याचं मी काय करणार?

२० मार्च

खरं ते लिहिते. आज सकाळी माझ्या मनात गप्प बसायचं आलं. नंबर मराठी आकड्यांत छापलेला आहे. संस्थेत देवनागरी वाचणारं माझ्याशिवाय कोणी नाही. भाषांतरात मी "दुकानाचा पत्ता व दूरध्वनी" एवढंच लिहिलं तर ते चूकही नाही. कॉर्निश आणि नॉर्वेजियनबद्दल लिहिलेलं एक अक्षरही याने बदलत नाही. तनेळ नसता तरी 'तिन' आणि 'त्युन' बहीणभावंडंच राहिले असते.

मी तसं लिहिलंही. वाचलं. सुबक वाक्य झालं होतं.

मग लक्षात आलं की बाबांनाही असंच वाटलं असेल.

ऊर्मिला संध्याकाळी माझ्या दारात उभी राहिली. "तू तीन दिवस डाळभात खातेस आणि मला सर्दी सांगतेस. बोल."

सांगितलं. ती वाईट बोलेल असं वाटलं होतं. तिने खुर्ची ओढली.

"आमच्याकडे एक वेफर, चिपची चकती, खराब निघाला की पहिला नियम माहितेय? लाइन थांबवायची. कोणाची चूक ते नंतर. आधी थांबव."

"माझं कंत्राट आहे गं."

"माहितेय."

"आणि ते माझे वडील आहेत."

"त्याबद्दल मला काही म्हणता येणार नाही," ऊर्मिला म्हणाली. "लाइन मात्र तुझी आहे."

२४ मार्च

फ्राऊ लिंडनरना सांगितलं. दार लावून घेतलं आणि उभ्यानेच सांगितलं, नाहीतर बसले असते आणि रडले असते. शब्द माझ्या वडिलांनी केलेला आहे. वही खोटी आहे. फोटो पाठवले तेव्हा मला माहीत नव्हतं. चौदा तारखेला संशय आला. सतरा तारखेला कळलं.

त्यांनी कॅलेंडर पाहिलं. "आज चोवीस."

"हो."

"आल्झो, म्हणजे एक आठवडा."

मला वाटलं होतं त्या खोट्या शब्दाबद्दल विचारतील. त्याबद्दल त्या शांतच होत्या. म्हणाल्या, असे शब्द कोशांत शिरतात, आपण काढतो. पण मौखिक आधार घेणाऱ्या माणसाचा स्वतःचा शब्द हाच शेवटचा आधार असतो, आणि तुमच्या शब्दाला एक आठवडा लागला. माझ्या चाळीसही नोंदी दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्याव्या लागतील. मे महिना त्यात जाईल. पुढच्या खंडासाठी या वेळी त्या माझं नाव देऊ शकत नाहीत. सप्टेंबरपर्यंतचं काम आहे तसंच राहील.

त्या अन्यायाने बोलल्या नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि मला हे करायला कोणी शिकवलं तेही मला माहीत आहे. ट्राममध्ये मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

२ एप्रिल

सकाळी मुद्रितात दुरुस्ती केली. 'तनेळ'चा परिच्छेद काढला. नोंद आता दीड पान उरली आहे आणि प्रस्तावनेजवळ नाही, आपल्या जागी गेली आहे. परिच्छेदाखाली तळटीप जुळवून झाली होती: "जयंत मुळ्ये, चिपळूण, यांच्या टिपणवहीतून. संपादक त्यांचे आभारी आहेत." रोमन लिपीत बाबांचं नाव किती लहान दिसतं! तीही काढली. खालचे आकडे आपोआप बदलले.

मग फोन केला. ठरवलं होतं की ओरडायचं नाही.

"बाबा, तो शब्द मागे घेतला."

"का?" ते म्हणाले. "आईने सांगितलं वाटतं."

"आईने नंतर. आधी वहीच्या कव्हरवर मोबाईल नंबर होता."

"हां." जणू मी त्यांच्या श्लोकातला मात्रादोष दाखवला होता. "ते राहिलंच."

मी वाट पाहिली. दोन आठवडे मी त्यांच्याकडून एकच वाक्य ऐकायला थांबले होते आणि ते काय असेल हे मला माहीतही नव्हतं. चुकलो, असं असेल. किंवा नुसतं देवू.

"ते लोक रागावले का?"

"नाही. मला पुढचं काम मिळणार नाही. सप्टेंबरला परत यावं लागेल बहुतेक."

"परत? बरं झालं की. इथं करता येईल काहीतरी. आपण दोघं मिळून चिपळूण भागातल्या शब्दांचा..."

"बाबा."

ते थांबले. त्यांच्याकडे पंखा सुरू होता, त्याचा आवाज येत होता. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, आई ऐकू नये इतक्या हळू.

"एक सांग. माझं नाव घालणार होते का गं त्यात?"

तळटीप माझ्यासमोरच होती, लाल रेघ मारलेली.

"नाही," मी म्हणाले. "नाव नव्हतं."

बाबांनी सुस्कारा टाकला. सुटल्यासारखा होता की हिरमुसल्यासारखा, ते मला सांगता येणार नाही.

"मग फारसं काही बिघडलं नाही म्हणायचं," ते म्हणाले.